इल्हान उमरचा फोटो आणि भाभीचा

आमच्या मोहल्ल्याच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दर दोन-चार महिन्यांनी एक व्हिडिओ फिरून फिरून येतो. डोक्याला कपडा बांधलेली बारीक अंगाची एक बाई समोर बसलेल्या वयस्कर माणसाला शांतपणे प्रश्न विचारते आहे. तो माणूस चिडतो. ती म्हणते, मी विचारलं त्याचं उत्तर द्या. बाई म्हणजे अमेरिकेच्या काँग्रेसच्या सदस्य इल्हान उमर. माणूस म्हणजे इलियट अब्राम्स, अमेरिकी परराष्ट्र खात्यात अनेक वर्षं वावरलेला मुत्सद्दी. प्रश्न आहे मध्य अमेरिकेतल्या एल साल्वाडोरमध्ये 1981 साली झालेल्या हत्याकांडाचा. आमच्या ग्रुपवर एल साल्वाडोर कुठे आहे हे कुणालाच ठाऊक नसावं. तरी खाली ‘माशाअल्लाह’, ‘शेरनी है शेरनी’ अशी रांग लागते. मीसुद्धा एकदा अंगठा दाखवून मोकळा झालो होतो.

मग मला भाभीचं पत्रक आठवलं, आणि तो अंगठा नको नकोसा झाला.

2016 च्या हिवाळ्यातली गोष्ट. आमच्या जिल्ह्यातल्या एका नगरपरिषदेची निवडणूक होती. वॉर्ड महिलांसाठी राखीव निघाला आणि चार वर्षांपासून तयारीत असलेल्या आमच्या एका ओळखीच्या भाईंची पंचाईत झाली. पंचाईत एका रात्रीपुरतीच, कारण सकाळी भाभीचा अर्ज तयार होता. पत्रकाचा मजकूर लिहायला मला बोलावलं, कारण माझं मराठी बरं आहे असा लोकांचा समज आहे. मी लिहून दिलं: सुशिक्षित, कर्तव्यदक्ष, जनसेवेची तळमळ असलेल्या. भाभीशी मी एक शब्दही बोललो नव्हतो. पत्रक छापून आलं तेव्हा त्यावर भाईंचा हात जोडलेला मोठा फोटो होता, पक्षाच्या नेत्यांचे सहा छोटे फोटो होते, आणि उमेदवाराच्या जागी गुलाबाचं फूल. नाव भाभीचं, फूल गुलाबाचं, चेहरा भाईंचा. कुणाला काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही. उलट फूल बऱ्यापैकी छापलंय असं मी म्हणालो होतो.

त्याच वर्षी, तिकडे मिनियापोलिस शहरात, इल्हान उमर पहिल्यांदा निवडून आली. त्या निवडणुकीची हकिगत आपल्याकडे फारशी कुणी सांगत नाही. व्हिडिओत फक्त शेवटचं फळ दिसतं, झाड दिसत नाही.

तिचा जन्म 1982 चा, सोमालियातल्या मोगादिशूचा. आई ती दोन वर्षांची असताना गेली. वडील आणि आजोबांनी वाढवलं. आठ वर्षांची असताना यादवी पेटली, घर सोडावं लागलं, आणि पुढची चार वर्षं केनियात मोंबासाजवळच्या निर्वासित छावणीत गेली. 1995 मध्ये कुटुंब अमेरिकेत पोहोचलं, दोन वर्षांनी मिनियापोलिसला स्थिरावलं. वडिलांनी टॅक्सी चालवली, मग टपाल खात्यात काम केलं. सतराव्या वर्षी ती अमेरिकेची नागरिक झाली. पण तिच्या राजकारणाची सुरुवात त्याआधीची आहे. आजोबांना इंग्रजी येत नव्हतं. पक्षाच्या स्थानिक सभांना जायची त्यांना मोठी हौस. लोक एका खोलीत बसून भांडतात, मग हात वर करून निर्णय घेतात, हे त्यांना बघायचं होतं. तेव्हा चौदा वर्षांची इल्हान त्यांच्याबरोबर जायची आणि शेजारी बसून प्रत्येक वाक्य सोमालीत सांगायची. दुभाष्याचं काम करता करता पोरगी सभा शिकली.

पुढे ती पोषण-आहाराविषयी लोकांना समजावून सांगायच्या कामावर होती, मग एका नगरसेवकाच्या कार्यालयात. 2014 मध्ये पक्षाच्याच एका सभेत हाणामारी झाली, तिला मार बसला, मेंदूला धक्का बसला. सोमाली समाजातच तेव्हा फूट होती. कुणी कुणाला पाठिंबा द्यायचा, यावरून घराघरांत भांडणं. तर दोन वर्षांनी ती स्वतःच उभी राहिली. मिनेसोटाच्या विधानसभेत त्या जागेवर फिलिस कान नावाच्या बाई 44 वर्षं निवडून येत होत्या. पक्ष तोच, इल्हानचाही आणि त्यांचाही. तिथे डेमोक्रॅटिक पक्षाचं नाव डेमोक्रॅटिक-फार्मर-लेबर असं आहे, म्हणजे आपल्या शेकापचा लांबचा चुलतभाऊच म्हणा. तिसरा उमेदवार होता मोहमूद नूर, तोही सोमाली, आणि समाजातला मोठा गट त्याच्यामागे. म्हणजे आपल्या भाषेत सांगायचं तर समाजाचे मोठे लोक येऊन ‘बेटी, इस बार बैठ जाओ’ असं म्हणण्याची पुरेपूर वेळ होती. ती बसली नाही. विद्यापीठाच्या परिसरातली पोरं, गोरे भाडेकरू, सोमाली बाया अशा सगळ्यांची दारं वाजवली. ऑगस्टमध्ये मतदान झालं आणि साधारण 41 टक्के मतांवर तिने दोघांनाही मागे टाकलं.

हे ऑगस्टचं मतदान म्हणजे काय, इथे जरा थांबतो, कारण सगळी गोम यात आहे. अमेरिकेत पक्षाचा उमेदवार कोण, हे पक्षाचे नेते बंद खोलीत ठरवत नाहीत. आधी एक मतदान होतं, त्याला प्रायमरी म्हणतात, आणि तिकीट कुणाला हे सामान्य मतदार ठरवतो. म्हणून 44 वर्षांच्या आमदाराला तिच्याच पक्षातली निर्वासित पोरगी आव्हान देऊ शकते आणि ती बंडखोर ठरत नाही. आपल्याकडे तिकीट वरून येतं. यवतमाळचा माणूस बॅग भरून मुंबईला जातो, नेत्याच्या बंगल्याबाहेर दोन दिवस बसतो, शेवटच्या रात्री यादी येते, आणि यादीत नाव नसलेला दुसऱ्या दिवशी दुसऱ्या पक्षात असतो. या खेळात बाईला जागा कमी. मुसलमान बाईला तर मुळीच नाही. बंगल्याबाहेर रात्रभर बसणार कोण?

2018 मध्ये इल्हान अमेरिकी काँग्रेसवर निवडून गेली. त्याच वेळी मिशिगनमधून रशिदा तलैब. या दोघी तिथल्या पहिल्या मुस्लिम महिला. सभागृहात डोकं झाकून बसायला 181 वर्षांपासून मनाई होती, तो नियम तिच्यामुळे बदलला गेला. तिचा मतदारसंघ गोऱ्यांची बहुसंख्या असलेला आहे, मुसलमान तिथे थोडे. हे आपल्या ग्रुपवर कुणी लिहीत नाही. तिला निवडून दिलं ते प्रामुख्याने ज्यांचा धर्म वेगळा आहे अशांनी.

ती 3 जानेवारी 2019 ला शपथ घेत होती, तेव्हा आमच्या यवतमाळात वेगळाच गोंधळ चालू होता. 92 वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आठवड्यावर आलेलं. उद्घाटनाला नयनतारा सहगल यांना बोलावलं होतं आणि ते निमंत्रण परत घेतलं. साऱ्या महाराष्ट्रात छी-थू झाली. शेवटी उद्घाटन केलं वैशाली येडे यांनी. कळंब तालुक्यातल्या, शेतकरी नवऱ्याच्या आत्महत्येनंतर घर सावरलेल्या या बाईने त्या व्यासपीठावरून आपल्या वऱ्हाडी बोलीत जे सांगितलं ते ऐकून मंडपातली माणसं हलली. आणि तीन महिन्यांनी त्या लोकसभेला उभ्या राहिल्या, बच्चू कडूंच्या प्रहार पक्षाकडून. बाप खासदार नाही, नवरा आमदार नव्हता, कारखाना नाही, शाळा-कॉलेज नाही. हरल्या. भावना गवळी पाचव्यांदा जिंकल्या. पण आमच्या जिल्ह्यात इल्हानच्या वाटेच्या जवळपास जाणारी बाई कोण, असं कुणी विचारलं तर मी वैशालीताईंचं नाव घेईन.

भावनाताईंचं कर्तृत्व मी नाकारत नाही. पाच वेळा लोकसभा जिंकणं गंमत नव्हे, आणि 2024 ला त्यांचं तिकीट कापलं तेव्हा आमच्याकडच्या विरोधकांनाही चुटपुट लागली होती. पण त्यांच्या आधी वडील पुंडलिकराव खासदार होते. यवतमाळ विधानसभेत 2013 साली नंदिनी पारवेकर आल्या, त्या आमदार पतीच्या अपघाती निधनानंतरच्या पोटनिवडणुकीत. बापाची जागा, नवऱ्याची जागा. हिंदू बायांचीही वाट बहुधा घरातूनच जाते, फक्त त्यांच्या घरांत पुरुष आमदार-खासदार तरी असतात. आमच्या घरांत तेही कमी.

आता हिशेब मांडतो. 2011 च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात मुसलमान साडेअकरा टक्के. 2024 च्या विधानसभेत 288 पैकी 10 मुस्लिम आमदार. त्यात बाई एक: मुंबईच्या अणुशक्तीनगरमधून सना मलिक, नवाब मलिक यांची मुलगी, वडिलांच्याच मतदारसंघातून, साडेतीन हजारांहूनही कमी मतांनी. लोकसभेत महाराष्ट्राने आजवर एकही मुस्लिम बाई पाठवलेली नाही. 1952 पासून एकही नाही. देशभरातून त्या सभागृहात आजवर पोहोचलेल्या मुस्लिम महिलांची संख्याच दीड-दोन डझनांत मावते: आसामच्या मोफिदा अहमद, भोपाळच्या मैमूना सुलतान, मेरठच्या मोहसिना किडवाई, अलीकडची कैरानाची इकरा हसन. यादी वाचायला दोन मिनिटंही पुरतात.

मग कुणी म्हणेल, नजमा हेपतुल्ला? फौजिया खान? बरोबर. नजमाबाई मौलाना आझादांच्या घराण्यातल्या, प्राणिशास्त्रातल्या डॉक्टरेट, 1980 पासून 2004 पर्यंत महाराष्ट्रातून राज्यसभेवर, राज्यसभेच्या उपसभापती म्हणून तर किती वर्षं. परभणीच्या फौजिया आपा शिक्षणक्षेत्रातून आल्या, विधान परिषदेवर गेल्या, राज्यमंत्री झाल्या, 2020 मध्ये राज्यसभेवर गेल्या. डोक्यावर स्कार्फ घेऊन त्या मंत्रालयात वावरल्या, तेही इल्हानच्या कितीतरी आधी. पण आमच्या ग्रुपवर फौजिया आपांचा व्हिडिओ मी कधी पाहिला नाही. परभणी मिनियापोलिसपेक्षा फार लांब पडत असावी!

तरीही एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. राज्यसभा आणि विधान परिषद ही दोन्ही सभागृहं मागच्या दाराची आहेत. तिथे तुम्हाला पक्ष पाठवतो. पाठवणाऱ्याला विचारून बोलावं लागतं, आणि तो नाराज झाला की सहा वर्षांनी घरी. पुरुषांचंही हेच. आमच्या जिल्ह्यातून ख्वाजा बेग आणि डॉ. वजाहत मिर्झा गेले ते विधान परिषदेवरच. पक्षाला मुसलमान दाखवायचा असतो, पण मतदारासमोर उभा करायचा नसतो. नेते म्हणतात, काय करणार, मत पडत नाही.

यावर माझ्याकडे एक जुना पुरावा आहे. 1980 मध्ये आमच्या शेजारच्या वाशीम मतदारसंघातून काँग्रेसने गुलाम नबी आझाद यांना उभं केलं. काश्मीरचा माणूस, तीस-एकतीस वर्षांचा. ना इथली भाषा, ना जात, ना नातं. वाशीमच्या बहुसंख्य हिंदू शेतकऱ्यांनी त्यांना निवडून दिलं, आणि 1984 मध्ये पुन्हा दिलं. इंदिराबाईंची लाट होती, मग सहानुभूतीची लाट होती, हे मान्य. पण लाटेतही मत माणूसच टाकतो. आज यातला बराचसा भाग यवतमाळ-वाशीम मतदारसंघात येतो. काळ बदलला, हवा विषारी झाली, हेही खरं. तरी ‘मत पडत नाही’ हे वाक्य तिकीट न देता कसं सिद्ध होतं, हे मला कुणी समजावून सांगावं. 2024 च्या लोकसभेला महाविकास आघाडीने 48 पैकी एकाही जागेवर मुस्लिम उमेदवार दिला नाही. मतं मात्र आमची गठ्ठ्याने घेतली.

इथपर्यंत मला टाळ्या मिळतील हे मला ठाऊक आहे. पक्षांना शिव्या घातल्या की आपल्याकडे कुणाला राग येत नाही. पुढचं लिहितो ते कमी आवडेल.

2023 मध्ये महिला आरक्षणाचं विधेयक लोकसभेत आलं. 454 मतं बाजूने, दोन विरोधात. ती दोन मतं होती असदुद्दीन ओवेसी आणि आपल्या औरंगाबादचे इम्तियाज जलील यांची. त्यांचं म्हणणं होतं, ओबीसी आणि मुस्लिम महिलांना वेगळा वाटा द्या. मागणीत तथ्य आहे, मी ती मनापासून मानतो. पण मुस्लिम बाईला तिकीट द्यायला घटनादुरुस्ती लागत नाही. जे पक्ष मुसलमानांचे म्हणवतात त्यांच्या व्यासपीठावर दहा पुरुष बसतात आणि बाया पडद्याच्या पलीकडे ऐकतात. वाटा मागताना त्या बाया आठवतात, वाटताना नाही.

आणि नगरपरिषदा, जिल्हा परिषदा, ग्रामपंचायती? तिथे तर महाराष्ट्राने 1990 मध्ये 30 टक्के, नंतर 33 आणि 2011 पासून 50 टक्के जागा बायांना दिल्या. तिथे पक्षाचा दोष सांगता येत नाही. मुस्लिम मोहल्ल्यातला राखीव वॉर्ड म्हणजे मुस्लिम बाई निवडून येणारच. तीस-पस्तीस वर्षांत राज्यभर शेकडो आल्या असतील. त्यातली किती पुढे विधानसभेपर्यंत गेली? जो पहिला जिना आपल्या हातात होता, त्यावर आपण गुलाबाचं फूल ठेवलं.

इल्हानचं कौतुक करणाऱ्या आमच्या भाईंना मी कधी कधी छेडतो. म्हणतो, तिची सगळी मतं माहीत आहेत का? गर्भपाताचा हक्क, समलिंगी लोकांचे हक्क, यावर तिने कुठल्या बाजूने हात वर केला ते वाचलंय का? तिचा घटस्फोट झाला, पुन्हा लग्न झालं. हेच आपल्या गल्लीतल्या उमेदवाराच्या बाबतीत झालं असतं तर? भाई गप्प होतात, मग म्हणतात, वो अमेरिका है, वहाँ की बात अलग. म्हणजे आपल्याला इल्हान आवडते ती लांब आहे म्हणून. ती ट्रम्पला उत्तर देते तोवर शेरनी. आपल्याला उत्तर देऊ लागली की बदजुबान.

तिच्याही चुका झाल्या आहेत. 2019 मध्ये इस्रायलच्या समर्थकांबद्दल पैशावरून तिने जे ट्विट केलं त्यातून ज्यूंविषयीच्या जुन्या द्वेषाचा वास येत होता. तिने माफी मागितली. 2022 मध्ये ती पाकव्याप्त काश्मीरमध्ये जाऊन आली, भारताने निषेध केला. माझ्या मते तो दौरा उथळ होता, आणि त्याचा त्रास इथे आपल्याला झाला, कारण ती काही बोलली की खुलासा यवतमाळच्या मुसलमानाला मागतात. 2023 मध्ये रिपब्लिकन बहुमताने तिला परराष्ट्र व्यवहार समितीवरून काढलं, 218 विरुद्ध 211. त्याआधी 2019 मध्ये उत्तर कॅरोलायनातल्या सभेत ट्रम्प समोर उभे असताना गर्दी ओरडत होती, तिला परत पाठवा. हे वाक्य आपल्याला भाषांतर न करता कळतं. पण पुढच्या प्रत्येक निवडणुकीत ती पुन्हा लोकांकडे गेली. 2022 ची प्रायमरी तर दोन टक्क्यांच्या फरकावर जिंकली. तिला पाठवणारा नेता कुणी नाही, म्हणून परत बोलावणाराही कुणी नाही. फक्त मतदार.

भाभी निवडून आल्या होत्या, ते सांगायचं राहिलं. भाईंनी कार्यालय थाटलं, शिक्का खिशात ठेवला. एकदा मला रहिवासी दाखला हवा होता. घरी गेलो. भाईंनी स्वतःच सही ठोकली, स्वतःच शिक्का मारला, मला चहा पाजला. मी उठलो तेवढ्यात आतल्या खोलीच्या पडद्यामागून आवाज आला: “तारीख नहीं डाले तुम. वापस भेजेंगे वो लोग. और वॉर्ड नंबर नया लिखो, पुराना नहीं चलता अब.”

पाच वर्षांत त्या नगरसेविकेचा मी ऐकलेला आवाज एवढाच. भाईंनी निमूट तारीख टाकली.

तो पडदा माझ्या डोक्यातून गेला नाही, आणि 2024 च्या जुलैत तर फारच आठवला. लाडकी बहीण योजनेचे अर्ज सुरू होते. सेतू केंद्रांवर झुंबड, मोबाइलवरचं अॅप मध्येच अडकायचं, आधार एका नावाने, बँकेचं पुस्तक दुसऱ्या नावाने. आमच्या गल्लीत एका पोरीने ओट्यावर चटई टाकली. बारावी झालेली, मराठी शाळेतली, हातात वडिलांचा फोन. उर्दू शाळेत शिकलेल्या, किंवा कुठल्याच शाळेत न गेलेल्या बाया रांग लावून बसायच्या. ती शासनाचं मराठी वाचायची, त्यांच्या बोलीत सांगायची, त्यांचं म्हणणं ऐकून परत मराठीत भरायची. कुणाचं उत्पन्न किती, कुणाला सोडून नवरा गेला, कुणाचं रेशनकार्ड कुठल्या गावचं आहे, कुठल्या साहेबाने कुणाला तीनदा परत पाठवलं, सगळं तिला पंधरा दिवसांत पाठ झालं. बँकेतल्या माणसाशी फोनवर तिची चांगलीच खणाखणी झालेली मी माझ्या कानांनी ऐकली.

पुढे विधानसभेचं वातावरण तापलं तेव्हा एका पक्षाचे दोन कार्यकर्ते गल्लीत आले. त्यांना कळलं होतं की या घराचा मोहल्ल्यात मोठा वट आहे, शे-दीडशे बाया इथल्या शब्दावर चालतात. पोरगी ओट्यावरच बसली होती, पुढ्यात कागद. कार्यकर्त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि विचारलं, “बेटा, भाई घर पे है क्या?”

तिचा भाऊ नववीत आहे. तिने त्याला हाक मारली.